जुन्या स्वस्त इलेक्ट्रिक गिटारचा सूर टिकत नाही? चाव्या बदलण्याआधी हे तपासा

तक्रार जवळजवळ नेहमी एकाच शब्दांत येते: "लावली, एक गाणं वाजवलं, की उतरली." पुन्हा लावली, पुन्हा उतरली. मग कोणीतरी सांगतं की तारा ताणायच्या चाव्या खराब आहेत, बदलून टाक. नव्या चाव्या बसतात, आठवडाभर बरं वाटतं आणि परत तेच सुरू होतं. त्या आठवडाभराचं श्रेय बहुतेक वेळा चाव्यांचं नसतंच. चाव्या बदलताना ताराही नव्या घातल्या गेल्या, गुंडाळताना जरा नीट गुंडाळल्या गेल्या, एवढाच तो फरक असतो.

हे सगळं स्ट्रॅटोकास्टरच्या नकलेबद्दल आहे. फेंडरने १९५४ मध्ये बाजारात आणलेल्या त्या गिटारच्या जगभर इतक्या नकला निघाल्या, की आपल्याकडे जुनी इलेक्ट्रिक गिटार स्वस्तात मिळाली तर बहुतेकदा ती याच घाटाची असते: तारांचा आवाज उचलणारे तीन सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचे) पिकअप, पाच जागांचा स्विच, दांडी दाबून सूर हलवता येणारा, सहा स्क्रूंवर डुलणारा ट्रेमोलो ब्रिज आणि चार स्क्रूंनी अंगाला जोडलेला नेक, म्हणजे गिटारची मान. तुमची गिटार गिब्सनच्या लेस पॉलच्या वळणाची असेल तर ट्रेमोलोचा भाग सोडून द्या. नटचा (नेकच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीचा) भाग मात्र दोनदा वाचा, कारण तिथे हेडस्टॉक, म्हणजे चाव्या बसवलेलं डोकं, मागे कललेला असतो आणि जी, डी या तारा नटमधून बाहेर पडताना बाजूला वळतात. नटचं दुखणं त्या गिटारमध्ये जास्तच.

आधी चाव्यांचा संशय फिटवू. चावीच्या आत मळसूत्री दांडी आणि दातेरी चाक असतं. दांडी फिरवली की चाक फिरतं, पण चाकाला कितीही ओढलं तरी दांडी उलटी फिरत नाही. म्हणजे तारेच्या ताणाने चावी आपोआप सैल होणं या रचनेत जवळपास शक्यच नाही. स्वस्त चावीत ढिलाई असते हे खरं: उलट्या दिशेला फिरवायला लागलं की पहिला पाव फेरा फुकट जातो. त्यावर उपाय फुकटातला आहे. सूर नेहमी खालून वर चढवत लावायचा. जास्त चढला तर सुराच्या खाली उतरवायचा आणि पुन्हा वर यायचं. याशिवाय हेडस्टॉकच्या पुढच्या बाजूचा षटकोनी बुश १० च्या पान्ह्याने हलकेच आवळा आणि मागचे बारीक स्क्रू बघा. त्यांचे आटे गेले असतील तर भोकात फेविकॉल लावलेली दात कोरायची काडी ठोकून, वाळू देऊन, स्क्रू परत बसवा. एवढं करूनही खुंट डुगडुगत असेल किंवा दाते सटकत असतील, तरच त्या चावीवर पैसे घाला. नवी घेण्याआधी भोक मोजायला विसरू नका. हल्लीच्या बंद डबीच्या चाव्यांना साधारण १० मिलिमीटरचं भोक लागतं, जुन्या उघड्या चाव्यांचं त्याहून लहान असतं.

तार नेमकी कुठे अडकते ते शोधा

सूर उतरतो म्हणजे तारेचा ताण बदलतो, आणि ताण बदलायचा तर तार कुठेतरी सरकायला हवी किंवा तिची दोन टोकं ज्यावर बसली आहेत ते हलायला हवं. तार तीन-चार ठिकाणी घासते: नट, हेडस्टॉकवरची तार दाबणारी छोटी पट्टी, ब्रिजवरचं सॅडल (तार जिथे टेकते तो छोटा तुकडा) आणि चावीचा खुंट. चाचणीला ट्यूनर आणि पाच मिनिटं लागतात.

‘जी’ (G) तार बरोबर सुरात लावा. सातव्या-आठव्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) एक पूर्ण स्वर चढेल एवढी ओढा, सोडा, आणि ती मोकळी छेडून ट्यूनर बघा. सूर उतरला असेल तर नट आणि चावी यांच्या मधली तार बोटाने हलकेच खाली दाबून सोडा. सूर परत जागेवर आला, किंवा थोडा चढाच लागला, तर चोर सापडला. तार ओढताना थोडी लांबी नटमधून तुमच्याकडे आली आणि परत जाताना खाचेत अडकून बसली. तुम्ही मागून दाबलंत तशी ती सुटली.

आता ट्रेमोलोची दांडी खाली दाबून सोडा. या वेळी उलटं होईल: तार ढिली पडताना चावीकडे सरकेल, परतताना अडकेल आणि सूर चढा राहील. ओढल्यावर उतरतो आणि दांडी दाबल्यावर चढतो, अशी दोन्ही लक्षणं दिसली तर नटबद्दल शंका ठेवू नका. चावी फिरवताना ‘टिंग’ असा बारीक आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर या चाचणीचीही गरज नाही.

नटच्या मागे दाबून काहीच फरक पडला नाही आणि सगळ्याच तारा थोड्याथोड्या हलल्या असतील, तर मुक्काम ट्रेमोलो किंवा नेकच्या जोडावर. एकच तार रोज उतरत असेल आणि बाकी पाच शांत असतील, तर त्या तारेचं गुंडाळणं तपासा.

तारा

जुनी गिटार घरी आणली की त्यावरच्या तारा काढून टाका, कितीही चांगल्या दिसत असल्या तरी. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत आणि घामाने तारा खालच्या बाजूने गंजतात. वरून चकाकतात, खालून बोट फिरवलं की खरखर लागते. गंजलेल्या तारेची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही, त्यामुळे मोकळी तार सुरात आणि बाराव्या फ्रेटवर बेसूर असं होतं. अशा तारांवर पुढची कुठलीही मापं घेण्यात अर्थ नाही.

कुठला सेट घ्यायचा? ज्या जाडीवर गिटार आधी लावलेली होती तीच. बाजारात ९ ते ४२ आणि १० ते ४६ हे दोन सेट सर्रास मिळतात; हे आकडे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत सांगतात. नेहमीच्या सुरात पहिल्या सेटचा एकूण ताण साधारण ३८ किलो भरतो, दुसऱ्याचा ४६ च्या आसपास. सात-आठ किलोंच्या या फरकाने नेक वाकतो, ट्रेमोलो वर उचलला जातो आणि नटच्या खाचेत जाडी तार चेंगरते. आधीच्या मालकाच्या ९ च्या गिटारवर नव्याने १० चढवले आणि तेव्हापासून सूर राहत नाही, ही गोष्ट फार वेळा ऐकू येते. शंका असेल तर ९ चा सेट घ्या. शिकणाऱ्याच्या बोटांनाही तोच बरा.

गुंडाळताना खुंटाच्या पुढे सहा-सात सेंटिमीटर तार शिल्लक ठेवून कापा. दोन-तीन वेढे, वरून खाली, एकावर एक न चढता. बारीक पहिल्या तारेला एखादा जास्त चालेल. खुंटाभोवती सात-आठ वेढ्यांचा गुंता केला की तो गुंता आवळत राहतो, आणि आवळतो तेवढा सूर उतरतो. नवी तार लावल्यावर बाराव्या फ्रेटजवळ धरून हलकेच वर ओढा, पुन्हा सुरात आणा, पुन्हा ओढा. ओढूनही उतरायची थांबली की झालं. हा सोपस्कार न करता नव्या तारांवर ‘सूर टिकत नाही’ असा शेरा मारू नका.

आणि ट्यूनर ॲप एकदा उघडून बघा. ए चा संदर्भ ४४० हर्ट्झच आहे ना? कोणीतरी गंमत म्हणून ४३२ करून ठेवलेलं असतं.

नट: खरा तंटा इथेच

स्वस्त गिटारमध्ये नट प्लास्टिकचा, साच्यातून काढलेला आणि हाताने कधीच न घासलेला असतो. कारखान्यात एकेका गिटारचा नट घासत बसायला वेळ नसतो, आणि खाचा वाजवीपेक्षा खोल गेल्या तर नट फुकट जातो. त्यामुळे त्या उथळ ठेवलेल्या असतात. याचे दोन परिणाम होतात आणि दोन्ही ‘सूर राहत नाही’ या एकाच तक्रारीत मिसळतात.

पहिला परिणाम अडकण्याचा, तो वर आलाच. दुसरा उंचीचा. नट उंच असेल तर पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर तार दाबताना ती जास्त खाली जाते, जास्त ताणली जाते आणि स्वर चढा लागतो. सहाही मोकळ्या तारा ट्यूनरवर अचूक, पण एफ कॉर्ड कानाला टोचतो. वाजवणाऱ्याला वाटतं गिटार उतरली. तो पुन्हा लावतो, या वेळी कॉर्ड गोड वाटेल अशी, आणि मोकळ्या तारा बिघडतात. हा खेळ वर्षानुवर्षं चालू शकतो.

उंची तपासायची सोपी रीत अशी: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते उजेडाकडे बघून ठरवा. केसाएवढी दिसली तर उत्तम. वहीचे दोन-तीन कागद सहज सरकत असतील तर खाच उंच आहे. फटच नसेल आणि मोकळी तार खरखरत असेल, तर खाच जास्त खोल गेली आहे.

नट घासायच्या खास कानशींचा संच गिटारपेक्षा महाग पडू शकतो. हार्डवेअरच्या दुकानात गॅस वेल्डिंगच्या नोझलचा टीप क्लीनर मागा. वेगवेगळ्या जाडीच्या खरबरीत तारांचा तो जुडगा अगदी स्वस्तात मिळतो आणि जाड तीन तारांच्या खाचांना छान चालतो. बारीक तारांसाठी ६०० किंवा ८०० नंबरचा पॉलिश पेपर घडी घालून वापरा. तारेपेक्षा किंचित जाड काडी निवडा, म्हणजे तार खाचेच्या भिंतींना चिकटणार नाही.

कोन मात्र नीट सांभाळा. खाच हेडस्टॉककडे उतरती हवी आणि तारेचा शेवटचा आधार फिंगरबोर्डकडच्या काठावर हवा. खाचेचा तळ सपाट झाला किंवा उतार उलटा पडला, तर तार त्या सपाटीवर निसटती टेकत राहते आणि मोकळी छेडली की सतारीसारखी झणझणते. मिरजेचे कारागीर तासन्‌तास घोडीचा माथा घासून सतार-तंबोऱ्याची जी जवारी काढतात, तीच इथे चुकीच्या जागी निघालेली असते. त्यांना तारेने घोडीच्या माथ्यावर अलगद टेकत राहायला हवं असतं. आपल्याला ती एका धारेवरून स्वच्छ सुटायला हवी. मोकळी तार झणझणते आणि पहिल्या फ्रेटवर दाबली की आवाज साफ होतो, असं असेल तर दोष नटचाच. फ्रेट तासायला निघू नका.

घाई केली आणि खाच खोल गेली, तर तीत चिमूटभर खाण्याचा सोडा भरून फेविक्विकचा एक थेंब सोडा. क्षणात दगडासारखं घट्ट होतं आणि पुन्हा घासता येतं. वाफ डोळ्यांना झोंबते, तोंड लांब ठेवा. ही मलमपट्टी काही महिने तरी नक्की निभावते. त्यापुढे हाडाचा नट बसवणं उत्तम: रुंदी मोजून घ्या, स्ट्रॅटोकास्टरच्या घाटात ती बहुधा ४२ मिलिमीटरच्या आसपास असते.

खाच झाली की ६ बी पेन्सिलचं टोक तीत घासून काळं शिसं भरा. तेल नको. खोबरेल तर अजिबात नको. आपल्याकडे कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूवर तोच उपाय असतो, पण ते धूळ धरतं, थंडीत थिजतं आणि खाचेत चिकट राळ होते. फिंगरबोर्डवर घासलेलं खोबरेलही काही महिन्यांनी खवट वास मारायला लागतं.

हेडस्टॉकवर बी आणि ई तारा दाबणारी पत्र्याची छोटी पट्टी असते, तिच्या खालीही पेन्सिल फिरवा. आणि तार नेहमी सॅडलवरच तुटत असेल तर तिथे धार आली आहे. १००० नंबरचा पेपर फिरवून ती मोडा.

ट्रेमोलो

मला विचाराल तर स्वस्त गिटारचा ट्रेमोलो डुलता ठेवणं म्हणजे स्वतःहून डोकेदुखी घेणं. त्याची रचनाच तराजूची आहे: एका बाजूला तारांचा ताण, दुसऱ्या बाजूला मागच्या खोबणीतल्या स्प्रिंगांचा. एक तार चढवली की ब्रिज किंचित पुढे झुकतो आणि बाकीच्या पाच उतरतात. त्या चढवल्या की पहिली उतरते. ‘जी’ तार ओढताना जाड ई वाजत असेल तर ती ई आपोआप उतरते. एक तार तुटली की उरलेल्या सगळ्या चढतात. यात बिघाड काहीच नाही, डुलता ब्रिज असाच वागणार. पण नवख्याला ते बिघाडच वाटतात आणि तो चाव्यांना शिव्या देतो.

मागचं प्लास्टिकचं झाकण काढा. दोन लांब स्क्रूंनी लाकडाला धरलेला पंजा दिसेल, त्यात तीन ते पाच स्प्रिंगा अडकवलेल्या असतील. तारा थोड्या सैल करा, पंजाचे दोन्ही स्क्रू सारखे आवळत जा, पुन्हा सुरात आणा, पुन्हा बघा. ब्रिजची पट्टी गिटारच्या अंगावर पूर्ण टेकली आणि तार स्वरभर ओढूनही उचलली नाही, की थांबा. तीन स्प्रिंगांत होत नसेल तर आणखी दोन घाला. दांडी खाली दाबता येईल, वर ओढता येणार नाही. ज्यांना दांडी लागतच नाही त्यांनी लोखंडी ब्लॉक आणि गिटारच्या बुडाकडची भिंत यांच्या मधे नेमक्या जाडीचा लाकडी तुकडा ठोकून बसवावा. कुठलाही सुतार कापून देईल. मग ब्रिज हलणारच नाही, आणि सूर टिकण्यात पडणारा फरक त्याच दिवशी कळेल.

दांडी वापरायची असेल तर पुढचे सहा स्क्रू बघा. जुन्या गिटारवर ते सहाही कोणीतरी करकचून आवळलेले सापडतात, ‘घट्ट असलेलं बरं’ म्हणून. तसे आवळले की पट्टी मोकळी डुलत नाही, दर वेळी वेगळ्या जागी येऊन थांबते. दोन टोकांचे स्क्रू पट्टीला जेमतेम टेकतील एवढेच ठेवा आणि मधले चार त्याहून साधारण मिलिमीटरभर वर.

पंजाला एक काळी किंवा पांढरी वायर डाग मारून जोडलेली असते. ती तुटू देऊ नका. तिच्याकडे विजेच्या भागात परत यायचंच आहे.

नेक आणि हवामान

गिटार उभी करून हेडस्टॉक हलकेच पुढे-मागे ढकला. जोडाशी ‘कट’ असा आवाज आला किंवा नेक सरकला, तर मागच्या चार स्क्रूंपैकी एखादा सैल आहे. तारा सुरात असतानाच चारही स्क्रू पाऊण फेरा सैल करा. तारांच्या ओढीने नेक खोबणीत घट्ट जाऊन बसतो, कधी कधी बसल्याचा आवाजही येतो. मग आळीपाळीने आवळा. खोबणीत आधीच्या मालकाने व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा सरकवलेला दिसला तर तो फेकू नका. नेकचा कोन साधण्यासाठी मुद्दाम ठेवलेला असतो.

ट्रस रॉडला, म्हणजे नेकच्या आतल्या लोखंडी दांड्याला, लोक विनाकारण घाबरतात आणि विनाकारण फिरवतातही. आधी मोजा. तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा, म्हणजे तारेचीच पट्टी तयार होते. सातव्या-आठव्या फ्रेटशी तिच्याखाली साधारण पाव मिलिमीटर फट हवी. साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. जास्त असेल तर ॲलन की घड्याळाच्या दिशेने पाव फेरा. फट नसेल आणि पहिल्या पाच फ्रेटांवर तारा खरखरत असतील तर उलट्या दिशेने पाव फेरा. मग गिटार रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी परत मोजा. ॲलन की बरोबर मापाचीच हवी, ४ किंवा ५ मिलिमीटरची बहुधा बसते. सैल बसणारी वापरली तर रॉडच्या डोक्याचे कोपरे गोल होतात, आणि मग दुरुस्ती गिटारच्या किमतीबाहेर जाते.

दुखणं दर वर्षी परत येतं याचं कारण बऱ्याचदा इथे असतं. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. जुलैत पुण्या-मुंबईत आणि कोकणात ते फुगतं, मे महिन्यात नागपुरात आक्रसतं. नेक कुठल्या बाजूने वाकेल हे त्या लाकडांच्या जोडीवर ठरतं, म्हणून ऐकीव नियम न लावता वरचंच माप घ्यायचं: एकदा पाऊस रुळला की, एकदा थंडी सरली की. कोरड्या दिवसांत फ्रेटची टोकं फिंगरबोर्डच्या कडेला बोटाला टोचायला लागतात, तेही लाकूड आक्रसल्यामुळे. पावसाळ्यात ती आपोआप आत गेल्यासारखी वाटतात. कानस चालवायची तर कोरड्या दिवसांतच.

मग सॅडलची उंची. सतराव्या फ्रेटवर तारेखाली १.६ मिलिमीटर हे फेंडरचं प्रचलित माप आहे. स्वस्त गिटारच्या फ्रेटांवर दोनपर्यंत गेलात तरी हरकत नाही. एकाच फ्रेटवर तार खरखरत असेल तर जुन्या एटीएम कार्डाची सरळ कड तीन फ्रेटांवर ठेवून डुगडुगते का ते बघा. मधला फ्रेट वर उठलेला असतो, आणि पुष्कळदा नायलॉनच्या छोट्या हातोडीने टकटक करून तो बसतो.

ट्यूनर बरोबर म्हणतोय, कान नाही म्हणतोय

बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर जुळायला हवेत. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. नट, नेक आणि उंची झाल्यावरच हे करायचं, नाहीतर सगळं दुसऱ्यांदा करावं लागतं.

एवढं करून जाड तारा वरच्या फ्रेटांवर लाटांसारख्या हेलकावत असतील आणि ट्यूनरची सुई स्थिर राहत नसेल, तर पिकअप खाली करा. पिकअप म्हणजे लोहचुंबक. तो तारेच्या फार जवळ आला की तारेला ओढतो आणि एकाच तारेतून दोन सूर भांडल्यासारखे ऐकू येतात. शेवटचा फ्रेट दाबून जाड तारेखाली तीनएक मिलिमीटर, बारीक तारेखाली थोडं कमी, इथून सुरुवात करा. आवाज मोठा यावा म्हणून पिकअप वर चढवलेले असतात. आवाज वाढवायला ॲम्पवर बटण आहे.

आणि एक तक्रार अशी आहे जिच्यावर पान्हा चालत नाही. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्यांना गिटारचा ई मेजर कॉर्ड कायम किंचित खुपतो. नीट लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, त्यापेक्षा गिटारवरचा गांधार सुमारे १४ सेंटने चढा असतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाएवढा. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून फ्रेट बसवले की असंच होणार, पेटीतही हेच होतं. ई कॉर्ड गोड लागावा म्हणून ‘जी’ तार थोडी उतरवलीत, की जी आणि सी कॉर्ड बिघडतात. ट्यूनर म्हणतो तिथेच ठेवा.

खरखर, गुणगुण आणि झटका

आवाज अधूनमधून जात असेल तर आधी केबल बदलून बघा. मग केबल खुपसतो त्या जॅकची पट्टी: ती सैल होते, चिमट्याने किंचित आत वाकवली की पुरतं. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखरत असेल तर मागच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून बटण पंधरा-वीस वेळा पुरतं फिरवा. बिजागऱ्यांचं तेल चालणार नाही. बटण मेलंच असेल तर सिंगल कॉइलसाठी २५० किलोओमचं घ्यायचं. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला असल्या वस्तू मिळतात, फक्त दांडीची जाडी आणि लांबी जुळवून बघा. कुठला पिकअप मेलाय ते कळायला गिटार ॲम्पला लावून स्विचच्या एकेका जागेवर पिकअपवर पेचकसाचं टोक टेकवा. जिवंत असेल तर ‘टक्’ येतो.

सिंगल कॉइल गुणगुणतोच, आपल्याकडे ५० हर्ट्झवर. पंख्याचा रेग्युलेटर आणि स्वस्त एलईडी ड्रायव्हर त्यात भर घालतात. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर वायरिंग ठीक आहे. हात लावून काहीच फरक पडत नसेल तर पंजाची ती वायर सुटलेली आहे. ती जोडायला २५ वॉटची सोल्डरिंग पुरत नाही, लोखंडी पंजा सगळी उष्णता ओढून घेतो आणि डाग वरवर चिकटून पुन्हा सुटतो. ६० वॉटची घ्या, पंजा आधी पॉलिश पेपरने घासा.

तारांना हात लावल्यावर मुंग्या येत असतील, किंवा गाताना माइकला ओठ लागून झटका बसत असेल, तर वाजवणं तिथल्या तिथे थांबवा. दोष गिटारमध्ये क्वचितच असतो. ॲम्पला अर्थिंग मिळत नाही, किंवा ॲम्प आणि साउंड सिस्टिम वेगवेगळ्या अर्थिंगवर आहेत. गणपतीच्या मंडपात, जनरेटरवर आणि कुठून कुठून ओढलेल्या एक्स्टेंशनवर हे सर्रास होतं. ॲम्पच्या प्लगची जाडी तिसरी पिन कापून दोन पिनांच्या बोर्डात खुपसलेली असेल तर ती आधी बदला आणि सॉकेटचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. ट्रेमोलोची वायर तोडून झटका थांबवा, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ॲम्पमधला दोष तसाच राहतो.

ज्या गिटारवर हे सगळं करू नये अशाही असतात. हेडस्टॉककडून बुडाकडे एक डोळा मिटून बघा: जाड तारेची कड आणि बारीक तारेची कड वेगवेगळ्या वळणाने जात असतील तर नेक पिळला आहे, रॉड तो सरळ करत नाही. रॉड शेवटपर्यंत आवळूनही मधे फट उरत असेल तेव्हाही तेच. अशा गिटारचे पिकअप, चाव्या आणि स्विच काढून ठेवा. चार स्क्रूंचा नेक वेगळा विकत मिळतो, पण खोबणीची रुंदी मोजल्याशिवाय मागवू नका. नेहमीचं माप ५६ मिलिमीटरच्या आसपास असतं, आणि स्वस्त नकलांमध्ये ते मिलिमीटर-दीड मिलिमीटर इकडेतिकडे निघू शकतं.